विश्लेषण : गाणं एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत गेलं की सपाट का होतं? ‘मिडी कंट्रोलर’ आणि ‘ऑटोमेशन’ यांत फरक काय?

पनवेल-उरण पट्ट्यात लग्नसराई आली की हळदीची रात्र येते आणि हळदीबरोबर नवं गाणं येतं. एके काळी अशा गाण्यासाठी कॅसेट कंपनी लागायची, मुंबईतला स्टुडिओ लागायचा, वादक जमवावे लागायचे. आता कामोठे, कळंबोली किंवा खांदा कॉलनीतल्या फ्लॅटमधली एक खोली, एक कम्प्युटर, छोटा कीबोर्ड आणि माइक एवढ्यावर आगरी-कोळी गाणं तयार होतं. गायकाचा आवाज खरा असतो, क्वचित ढोलकी खरी असते. बासरी, व्हायोलिनचा ताफा, बेंजो हे बरेचदा कम्प्युटरमधलं असतं.

गाणं तयार झालं की फाइल मिक्सिंगसाठी दुसऱ्याकडे जाते. कधी नवी मुंबईतच, कधी हार्बर लाइनने अंधेरीला. आणि तिथे एक तक्रार हमखास ऐकू येते. सूर सगळे जागच्या जागी आहेत, ताल बरोबर आहे, पण पनवेलमध्ये फुलत जाणारी व्हायोलिन इथे पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत ओरडतायत. हळूच येणारी बासरी धाडकन येते. सगळा चढ-उतार वाटेत कुठे तरी सांडला.

कधी याच्या उलट होतं. मिक्स करणारा एका वाद्याचा आवाज कमी करतो, गाणं पुन्हा सुरू करतो, आणि बटण आपोआप वर सरकतं. पुन्हा खाली ओढा, पुन्हा वर. कम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय असं वाटावं असा प्रकार.

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा चढ-उतार दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या प्रकारे लिहून ठेवता येतो. एकाला म्हणतात मिडी कंट्रोलर डेटा, दुसऱ्याला ऑटोमेशन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, वर-खाली जाणारी एक रेघ. गोंधळ तिथेच सुरू होतो.

वादकाचा हात की साउंडवाल्याचा हात?

हळदीच्या मांडवात उभं राहून पाहिलं की फरक लगेच कळतो. बेंजोवाला एका ओळीला हलक्या हाताने वाजवतो आणि आवाज कमी होतो. किंवा बेंजोवाला तसाच जोरात वाजवत राहतो, पण मांडवाच्या कोपऱ्यात मिक्सरवर बसलेला साउंडवाला त्याचा फेडर खाली घेतो. आवाज यातही कमी होतो. ऐकणाऱ्या पाहुण्याला दोन्ही वेळा ‘आवाज कमी झाला’ एवढंच कळतं. जाणकाराला मात्र कळतं की पहिल्या वेळी वाजवणंच बदललं. तारेवरचा आघात मऊ झाला, आवाजाचा पोत बदलला. दुसऱ्या वेळी तोच कडक आघात फक्त लांबून ऐकू आला.

मिडी कंट्रोलर डेटा हा वादकाचा हात आहे. तो सुरांबरोबर लिहिला जातो, सुरांबरोबर वाद्याकडे जातो, आणि त्याचं काय करायचं हे वाद्य ठरवतं. ऑटोमेशन हा साउंडवाल्याचा हात. तो सुरांच्या नव्हे तर ट्रॅकच्या, फेडरच्या किंवा एखाद्या प्लगइनच्या नॉबच्या मालकीचा असतो. ‘गाणं एक मिनिट दहा सेकंदांवर आलं की हा नॉब इथून तिथे फिरव’ असा त्याचा हुकूम असतो, आणि त्या क्षणी कोणता सूर वाजतोय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

व्हायोलिनच्या ताफ्याचं उदाहरण घ्या. अशा अनेक डिजिटल वाद्यांमध्ये एकच सूर हळू, मध्यम आणि जोरकस असा वेगवेगळा रेकॉर्ड केलेला असतो. कीबोर्डवरचं मॉड्युलेशनचं चाक वर नेलं की एक क्रमांकाचा कंट्रोलर वाढतो आणि वाद्य हळूच्या नमुन्यावरून जोरकस नमुन्यावर सरकतं. गजाची धार वाढत जाते. तेच काम ऑटोमेशनने फेडर वर करून केलं तर जोरकस वाजवलेलं व्हायोलिन फक्त छोट्याचं मोठं होतं. चित्रपटातल्या गाण्यांसारखा ‘भरत जाणारा’ ताफा घरच्या स्टुडिओत का साधत नाही, या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा महागड्या वाद्यात नसून इथे असतं.

आणखी एक कारण जागेचं. कंट्रोलरने वाद्याच्या आत आवाज कमी केला, की पुढच्या कॉम्प्रेसरला किंवा डिस्टॉर्शनला कमी आवाज मिळतो आणि त्यांचा परिणामही बदलतो. ट्रॅकचा फेडर मात्र या साखळीच्या शेवटाला असतो. तिथे आवाज कमी केला तर आधीचं चेपणं, खरखरणं तसंच राहतं, फक्त हळू ऐकू येतं. दोन्ही गरजेचे आहेत, पण एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

ऑक्टापॅड : मांडवातला मिडी

मिडी हा शब्द परका वाटेल, वस्तू परकी नाही. महाराष्ट्रातल्या वाद्यवृंदांमध्ये, बेंजो पार्ट्यांमध्ये आणि गणपतीच्या मिरवणुकीत दिसणारा ऑक्टापॅड मुळात मिडीचंच अपत्य आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ मध्ये ‘पॅड-८’ नावाने पहिला ऑक्टापॅड आणला, तेव्हा त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅडांवर काठी मारली की तो तारेतून दुसऱ्या यंत्राला फक्त सांगायचा, अमुक सूर, अमुक जोराने वाजव. आवाज काढायचं काम त्या दुसऱ्या यंत्राचं. पुढच्या मॉडेलांमध्ये आवाज आत आले आणि लोक मिडी विसरले. (बेंजोचं घराणंही जपानीच. भारतातलं बुलबुलतरंग हे जपानच्या ताइशोगोतो या वाद्यावरून आलं, आणि कोकणात त्याला पिकअप लावून आपण बेंजो म्हणू लागलो.)

मिडीची भाषा १९८३ ची. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतल्या सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ हे तिचे मुख्य शिल्पकार. त्या वर्षी जानेवारीत दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवण्यात आले. एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली, हे त्या काळात नवल होतं. २०१३ मध्ये दोघांना यासाठी तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

पण १९८३ च्या यंत्रांना जेवढं झेपेल तेवढीच ही भाषा बारीक होती. कंट्रोलरची किंमत शून्य ते १२७, म्हणजे फक्त १२८ पायऱ्या. सात क्रमांकाचा कंट्रोलर आवाजाचा, दहा डाव्या-उजव्या बाजूचा, अकरा भावाचा म्हणजे ‘एक्स्प्रेशन’चा, ६४ पियानोच्या पेडलचा. तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जायचे, म्हणजे एका सूचनेला जवळपास एक मिलिसेकंद. सूर, चाक, पेडल सगळं एकाच रांगेत.

१२८ पायऱ्या पेडलला भरपूर आहेत. पण आठ सेकंदांत हळूहळू उघडणाऱ्या फिल्टरला त्या कमी पडतात. दर सेकंदाला १६ पायऱ्या होतात, आणि वाद्याने स्वतःहून त्या गुळगुळीत केल्या नाहीत तर कानाला चेन ओढल्यासारखी करकर येते. ऑटोमेशनला ही अडचण फारशी येत नाही. आजचं सॉफ्टवेअर नॉबची जागा दशांश अपूर्णांकात मोजतं आणि दोन बिंदूंमध्ये सलग रेघ आखतं.

निरोप आणि रेघ

दोघांमध्ये आणखी एक फरक आहे आणि बहुतेक गोंधळ त्यातून होतात. कंट्रोलर डेटा म्हणजे सुटे निरोप. ‘आवाज ४० कर’ असा निरोप गेला की वाद्य पुढचा निरोप येईपर्यंत ४० वरच थांबतं. हा निरोप गाण्याच्या पहिल्या कडव्यात असेल आणि तुम्ही गाणं थेट तिसऱ्या कडव्यापासून सुरू केलंत, तर वाद्याला तो मिळालेलाच नसतो. ते आधी ज्या अवस्थेत होतं त्याच अवस्थेत वाजतं. म्हणून ‘सुरुवातीपासून लावलं की बरोबर, मधून लावलं की चूक’ असा चमत्कार घडतो. सॉफ्टवेअरमध्ये मागचे निरोप शोधून काढण्याची सोय असते, इंग्रजीत तिला ‘चेज’ म्हणतात, पण ती सुरू आहे का हे कुणी पाहत नाही.

ऑटोमेशन ही रेघ आहे. गाण्याच्या कुठल्याही क्षणी बोट ठेवा, तिथे नॉब कुठे असायला हवा याचं उत्तर तयार असतं.

आता दोघांनी एकाच नॉबवर हक्क सांगितला तर? पनवेलमध्ये कीबोर्डवादकाने सात क्रमांकाच्या कंट्रोलरने आवाज लिहिला, आणि मिक्स करणाऱ्याने त्याच वाद्याच्या त्याच नॉबवर ऑटोमेशनची रेघ काढली. गाणं वाजताना दोन हुकूम सुटतात आणि सहसा ज्याचा निरोप शेवटी पोचतो तो जिंकतो. नॉब आपोआप वर सरकण्यामागे भूत नसतं, सुरांच्या तुकड्यात दडलेला जुना निरोप असतो. क्युबेससारख्या सॉफ्टवेअरमध्ये तर अशा भांडणात काय करायचं याचे वेगळे नियम ठरवता येतात. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, दोघांची सरासरी काढावी, की एकाने दुसऱ्यावर टक्केवारीसारखं चालावं. एबलटन लाइव्हमध्ये तुकड्याच्या आतली रेघ आणि ट्रॅकवरची रेघ वेगळ्या ठेवतात. लॉजिकमध्येही तुकड्याचं ऑटोमेशन आणि ट्रॅकचं ऑटोमेशन असे दोन प्रकार आहेत. प्रत्येकाने आपापल्या परीने हा घोळ निस्तरलाय, आणि दुर्दैवाने प्रत्येकाची पद्धत निराळी आहे.

स्टुडिओंमध्ये रुळलेला जुना संकेत असा, की वादकाने अकरा क्रमांक वापरावा, सात क्रमांकाला हात लावू नये, आणि ट्रॅकचा फेडर मिक्स करणाऱ्यासाठी सोडावा. घरी शिकलेल्या मुलांना हे कुणी सांगत नाही. यूट्यूबवरचे धडे बीट कशी बनवायची ते शिकवतात, फाइल दुसऱ्याच्या हाती कशी द्यायची ते क्वचित.

मग वाटेत काय सांडतं?

सॉफ्टवेअर वेगळं असेल तर गाणं सहसा ‘मिडी फाइल’ म्हणून पाठवलं जातं. ही फाइल १९८८ मध्ये प्रमाणित झाली आणि आजही जवळपास कुठेही उघडते. तिच्यात सूर असतात, आघाताचा जोर असतो, लय असते, कंट्रोलरचे निरोप आणि स्वर वाकवण्याच्या खुणा असतात. वाद्य कोणतं हे तिच्यात नीट नसतं. आणि प्लगइनच्या नॉबांचं ऑटोमेशन तिच्यात मावतच नाही, कारण ते त्या सॉफ्टवेअरच्या त्या प्रोजेक्टपुरतं असतं.

म्हणजे पनवेलमधल्या मुलाने व्हायोलिनचा फुलोरा चाक फिरवून लिहिला असता तर तो अंधेरीला पोचला असता. त्याने तो माऊसने ऑटोमेशनच्या पट्टीत काढला, म्हणून तो घरीच राहिला. सॉफ्टवेअर दोघांचं एकच असेल तर प्रोजेक्ट उघडतो, पण तेच प्लगइन, त्याच आवृत्तीत, त्या कम्प्युटरवर हवेत. नाहीतर रेघ दिसते आणि फिरवायला नॉबच नसतो.

मींडेचं काय?

आगरी-कोळी गाण्याचा गोडवा सुरांच्या घसरणीत आहे, आणि हा वाद आपल्याकडे मिडीहून जुना आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, कारण पेटीला मींड काढता येत नाही आणि तिच्या बांधलेल्या पट्ट्या रागाच्या श्रुतींशी जुळत नाहीत असा आक्षेप होता. १९७१ मध्ये ही बंदी अंशतः उठली. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी पुढे २२ श्रुतींची हार्मोनियम तयार केली.

मिडी कीबोर्डही पेटीच्याच वंशातला. त्याला मींड येते ती ‘पिच बेंड’च्या चाकाने, आणि इथे मिडीने हात आखडता घेतलेला नाही. या चाकाला १२८ नव्हे तर १६,३८४ पायऱ्या आहेत. अडचण वेगळीच आहे. चाक फिरवलं की त्या चॅनेलवरचे सगळे सूर एकदम वाकतात. खाली धरलेला षड्ज स्थिर ठेवून वरची बासरी तेवढी घसरवायची असेल तर दोन वेगळे चॅनेल लागतात. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘एमपीई’ पद्धतीने यावर तोडगा काढला, प्रत्येक सुराला स्वतःचा चॅनेल.

मींड ऑटोमेशनने काढू नये, असं मात्र ठामपणे म्हणता येतं. गळा घसरतो तो सुराच्या आत. ती घसरण ट्रॅकवर लिहिली आणि उद्या अंतऱ्याची ओळ चार मात्रा पुढे सरकवली, तर सूर पुढे जातात आणि मींड मागेच, रिकाम्या जागेवर राहते. सोबत हलण्याची सेटिंग असते, पण ती तपासून पाहावी लागते. कंट्रोलर डेटा सुरांच्या तुकड्यातच असल्याने तो उचलला की सगळं बरोबर येतं.

नियम बदलतायत, पण कुणासाठी?

जानेवारी २०२० मध्ये मिडी २.० मंजूर झालं. त्यात कंट्रोलरच्या १२८ पायऱ्यांच्या जागी जवळपास ४२९ कोटी पायऱ्या आहेत, आघाताच्या जोराला ६५,५३६ आहेत, आणि प्रत्येक सुराला वेगळं वाकवता येतं. कागदावर पाहिलं तर ‘कंट्रोलर ठोकळेबाज, ऑटोमेशन गुळगुळीत’ हा जुना फरक यात संपतो. प्रत्यक्षात यंत्रं आणि सॉफ्टवेअर संथपणे बदलतायत. अॅपलच्या यंत्रांमध्ये सोय आधी आली. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत ती २०२५ च्या सुरुवातीला दिली. पनवेलच्या खोलीतला कीबोर्ड बहुधा अजून १९८३ चीच भाषा बोलतो, आणि गाणं करायला ती पुरतेही.

जास्त परिणाम करणारा बदल प्लगइनच्या दुनियेत झाला. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीचा ‘व्हीएसटी’ हा प्लगइनचा सर्वाधिक चालणारा साचा. त्याची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली, तेव्हा कंपनीने ठरवलं की प्लगइनला मिडीचे कंट्रोलर निरोप थेट मिळणार नाहीत. सॉफ्टवेअरने ते आधी प्लगइनच्या एखाद्या नॉबशी जोडावेत आणि मग नॉबची बातमी द्यावी. वादकाचा हातही साउंडवाल्याच्या खिडकीतूनच जाईल, असा हा निर्णय. भूमिका अशी की नॉब एकच, मग हुकूमही एकाच वाटेने यावा. प्लगइन लिहिणाऱ्या अनेकांना हे रुचलं नाही. काहींनी १६ चॅनेल गुणिले १२८ कंट्रोलर असे २,०४८ खोटे नॉब प्लगइनच्या पोटात दडवून वाट काढली. ऑटोमेशनच्या यादीत कधी कधी अनोळखी नॉबांची न संपणारी रांग दिसते, ती त्यातलीच. ऑक्टोबर २०१८ पासून जुन्या दुसऱ्या आवृत्तीचे नवे परवाने बंद झाले.

२०२२ मध्ये बिटविग आणि यू-ही या कंपन्यांनी ‘क्लॅप’ नावाचा खुला साचा आणला, ज्यात मिडी निरोप थेट प्लगइनपर्यंत जाऊ शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टाइनबर्गनेही व्हीएसटी-३ खुल्या परवान्याखाली दिलं. स्पर्धेने कंपन्यांची मुठ थोडी सैल झाली, असा याचा अर्थ काढता येतो.

पनवेलला याचं काय पडलंय?

या भागात लग्नात धवळारीण धवले म्हणायची. विधी आणि गाणं तिच्या मुखात असायचं. तिथून कॅसेट, कॅसेटवरून सीडी, आणि आता हार्डडिस्क. दरम्यान भूगोलही बदलला. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. त्याच्या जागेसाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं हलवली गेली. ज्या गावांच्या अंगणात हळदी झाल्या ती अंगणं उरली नाहीत. तिथल्या माणसांनी गेल्या काही वर्षांत केलेली गाणी मात्र आहेत, प्रोजेक्ट फाइलच्या रूपात, कुणाच्या तरी जुन्या कम्प्युटरवर.

यूट्यूबवर गाणं आहेच की, असं म्हणता येईल. पण यूट्यूबवर शेवटचा मिक्स आहे. दहा वर्षांनी तेच गाणं खऱ्या वादकांबरोबर रंगमंचावर करायचं असेल, गायकाचा आवाज वेगळा काढायचा असेल, तर प्रोजेक्टच लागतो. आणि सॉफ्टवेअर कायम राहत नाही. गिब्सन कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये केकवॉकचं काम बंद केलं, तेव्हा वर्षानुवर्षं त्यात गाणी करणारे अधांतरी राहिले. काही महिन्यांत बँडलॅबने ते विकत घेतलं म्हणून निभावलं. जे सॉफ्टवेअर पायरेटेड आहे, त्याच्या बाबतीत तर तक्रार करायलाही जागा नाही.

ऑटोमेशन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा प्रयत्नही सुरू आहे. बिटविग आणि प्रीसोनस यांनी २०२३ मध्ये ‘डॉप्रोजेक्ट’ नावाचा खुला साचा जाहीर केला. त्यात सूर, कंट्रोलर आणि ऑटोमेशन तिन्ही मावतात. क्युबेसने १४ व्या आवृत्तीत त्याला जागा दिली. सगळे त्यात अजून आलेले नाहीत, आणि प्लगइन समोरच्याकडे नसेल तर हा साचाही हतबल आहे.

तोवर जुनाच उपाय सर्वांत भरवशाचा. प्रत्येक वाद्याचा ट्रॅक, त्याच्या सगळ्या चढ-उतारांसह, गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून वेगळी ध्वनिफाइल करून ठेवायचा. म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ओढल्या तरी त्या एका रेषेत बसतात. फेडरचं ऑटोमेशन नसलेला असा एक संच वेगळा द्यायचा, कारण मिक्स करणाऱ्याला स्वतःचा हात चालवायचा असतो. सोबत मिडी फाइल. आणि फोल्डरच्या नावातच गाण्याची लय, पट्टी आणि वापरलेल्या वाद्यांची नावं लिहायची. एका गाण्याला अर्धा तास जातो आणि पेनड्राइव्हवर जागा थोडी जास्त लागते.